विमान मोठं, अक्षरं बारीक: गावातल्या वायुसैनिकाच्या स्मारकाचं 'पॅकेज' घेताना

ग्रॅनाइटची आणि फायबरच्या मूर्तींची कामं करणारे कारागीर आता मराठवाड्यात अख्खं स्मारक एकगठ्ठा करून देतात. ग्रामसभेचा ठराव झाला, वर्गणी जमली, की मोबाइलमधला फोटो पुढे येतो. दहा बाय दहाचा चबुतरा, त्यावर काळा ग्रॅनाइट, मधोमध फायबरचा अर्धपुतळा, बाजूला वीस फुटी झेंड्याचा खांब, स्टीलचं रेलिंग आणि दोन सोलर दिवे. जवान लष्करातला असेल तर समोर उलटी बंदूक आणि हेल्मेट. हवाई दलातला असेल तर बाकी सगळं तेच, बंदुकीच्या जागी विमान. हे परीक्षण या पॅकेजचं आहे, कुठल्या एका दुकानाचं नाही, कारण माल आणि चुका सगळीकडे सारख्याच आहेत.

फरशी, रेलिंग, रोषणाई यात ही मंडळी पटाईत आहेत. पाया आणि मजकूर या दोन बाबतींत कच्ची आहेत. स्मारक तर याच दोहोंवर उभं राहतं.

आधी पाया, कारण उद्घाटनानंतर तो कुणाला दिसत नाही. पॅकेजमध्ये दोन ते अडीच फूट खोल खड्डा, त्यात दगड-विटांचा भराव आणि वर चार इंच काँक्रीट धरलेलं असतं. मुरमाड माळावर एवढं चालून जातं. पण स्मारकाला जागा मिळते ती वेशीपाशी, शाळेसमोर किंवा फाट्यावर, आणि तिथे बहुतेक वेळा काळी माती असते. काळी पावसात फुगते, एप्रिल-मेमध्ये आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चबुतऱ्याचा एक कोपरा उचलला जातो, दुसरा बसतो, आणि वरची ग्रॅनाइटची फरशी कोपऱ्यातून तिरकी तडकते. ही तडक दिसली की कारागीर दगडाला दोष देतो. दोष दगडाचा नसतो.

खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यायचा, मग तो तीन फुटांवर लागो की सहा. काळीचा थर त्याहून खोल असेल तर अंडररीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवलेले काँक्रीटचे खांब, घ्या. साधारण २५० ते ३०० मिलिमीटर व्यासाचे आणि साडेतीन मीटर खोलीचे चार पाइल, तळाशी व्यासाच्या अडीचपट फुगवटा, वर त्यांना बांधणारा बीम. बोअर घेणाऱ्याला फुगवट्याचं हत्यार माहीत नसेल तर तो सरळ भोक पाडून मोकळा होतो, म्हणून काँक्रीट ओतण्याआधी तळ तपासायचा. बीमच्या खाली आणि काळीच्या वर तीन-चार इंचांची पोकळी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला खालून रेटा बसत नाही. खड्ड्याच्या कडेला निघालेली काळीच परत भरायची नाही, मुरूम आणून थराथरानं पाणी मारून ठोकायचा. चबुतऱ्याभोवती चार-पाच फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी हवी. आणि चबुतऱ्याला चिकटून हिरवळ नको. रोज पाइपनं पाणी मारलेली हिरवळ एका बाजूला आणि कोरडी काळी दुसऱ्या बाजूला, असं झालं की पाया कितीही चांगला असला तरी वाकतो. पिंपळ, कडुनिंब जवळ लावण्याचा मोहही आवरा. उन्हाळ्यात मुळं मातीतलं उरलंसुरलं पाणी ओढतात.

किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला. त्यात मातीत बसवलेल्या जड दगडी भिंतींनी माणसं मारली, हे लातूर-धाराशिवकडे वेगळं सांगायला नको. तरीही सहा फूट उंचीचा ग्रॅनाइटचा फलक नुसत्या सिमेंटच्या खाचेत उभा केलेला दिसतो. उभ्या दगडाला खालून किमान दोन स्टेनलेस स्टीलच्या सळया हव्यात, १२ ते १६ मिलिमीटर जाडीच्या. दगडात चार इंच, काँक्रीटमध्ये आठ इंच, दोन्हीकडे इपॉक्सी. साधी लोखंडी सळई घातली तर ती गंजून फुगते आणि दगड आतून फोडते.

आता दगड. पॅकेजमधला ग्रॅनाइट १८-२० मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्याचाच. विटांच्या भिंतीवर चिकटवायला तो चालतो. सुटा उभा फलक हवा असेल तर ५० मिलिमीटरच्या खाली उतरू नका. चार बाय तीन फुटांचा २० मिलिमीटरचा तुकडा साठ किलोंच्या आसपास भरतो, ५० मिलिमीटरचा दीडशे किलोंच्या. किमतीतला फरक वाहतुकीत आणि उचलायला लागणाऱ्या माणसांतही दिसतो. चिकटवलेल्या फरश्या बाकी सगळ्याआधी पडतात, त्यातही पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या, कारण दुपारच्या उन्हात काळा दगड चटका बसेल इतका तापतो आणि रात्री निवतो. सांधे ३-४ मिलिमीटर सोडून सिलिकॉननं भरायचे. सिमेंटनं गच्च लिंपले की फरशीला फुगायला जागा उरत नाही.

काळा रंग खरा की लावलेला, हे पाहायला एक मिनिट लागतं. पांढऱ्या फडक्यावर थिनर घ्या आणि फरशीच्या न घासलेल्या कडेवर, पाठीमागे रगडा. फडकं काळं झालं तर करडा दगड रंगवून विकलाय. दोन उन्हाळ्यांत तो राखाडी पडतो आणि पॉलिश मारूनही परत काळा होत नाही.

ग्रॅनाइटच का, हाही प्रश्न विचारायला हवा. मराठवाडा जवळपास सगळा बेसॉल्टचा, ग्रॅनाइट निघतो तो नांदेडच्या पूर्व कडेला, देगलूर-बिलोलीच्या बाजूला. काळाभोर ग्रॅनाइट बहुतेक दक्षिणेकडून येतो. पण युद्धात पडलेल्या माणसाचं स्मारक ही या मुलखाला नवी गोष्ट नाही. कित्येक गावांत मारुतीच्या देवळापाशी वीरगळ आहेत: खाली लढाई, मधल्या पट्टीत अप्सरा वीराला वर नेताना, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा आणि कडेला चंद्र-सूर्य. शेंदूर, तेल, ऊन, पाऊस, गुरांची अंग घासणी, सगळं सोसून शेकडो वर्षांनी त्यातला घोडा आणि ढाल ओळखू येते, कारण कोरीव काम खोल आहे. काळ्या पाषाणात छिन्नीनं काम करणारा पाथरवट अजून मिळत असेल तर त्याच्याकडे आधी जा. दगड निवडताना पांढऱ्या गारगोट्यांचे डोळे असलेला नको, अक्षर नेमकं तिथेच उडतं. चकाकी येणार नाही, पण चकाकीचं काय करायचंय?

या चकाकीचा तोटा कुणी सांगत नाही. पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट आरशासारखा असतो. भर दुपारी त्यात आभाळ, विजेच्या तारा आणि वाचणाऱ्याचं तोंड दिसतं, मजकूर दिसत नाही. मजकुराचा भाग बिनचकाकीचा, म्हणजे हॉन्ड किंवा लेदर फिनिशचा मागा. फलकाचं तोंड शक्यतो पूर्वेला ठेवा. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरलेल्या अक्षरांच्या सावल्या पडतात आणि रंग नसला तरी ती वाचता येतात.

आता अक्षरं. पॅकेजमध्ये लेझरची अक्षरं असतात. लेझर दगड खोदत नाही, वरची चकाकी फोडून पांढुरका ठिपका पाडतो. नवा असताना झकास दिसतो. मग हात लागतात, हार-फुलांचं पाणी ओघळतं, हळद-कुंकू आणि तेल चढतं, धुवायला बोअरचं क्षाराचं पाणी येतं, आणि दोन-तीन वर्षांत अक्षर आणि दगड एकमेकांत मिसळतात. लेझर फक्त फोटोसाठी ठेवा. तोही वेगळ्या, पॉलिश केलेल्या तुकड्यावर, म्हणजे पुढे बदलता येईल. फोटो व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला देऊ नका. घरातला मूळ फोटो फ्रेममधून काढून किमान ३०० डीपीआयला स्कॅन करा.

मजकुराला वाळूच्या फवाऱ्यानं खोदलेली अक्षरं मागा, खोली किमान २ ते ३ मिलिमीटर. यात एक अडचण देवनागरीची आहे. दगडावर रबराचं स्टेन्सिल चिकटवून अक्षराची जागा मोकळी करतात. व, ठ, ढ यांच्या पोटात रबराचं छोटं बेट उरतं, ब मध्ये तर दोन अर्धुकली. फवाऱ्यात ती उडाली की व चा नुसता गोळा होतो. अनुस्वाराचं भोक इतकं लहान असतं की वाळू आत शिरतच नाही आणि टिंब नुसतं खरवडल्यासारखं राहतं. म्हणून अक्षराची उंची २५ मिलिमीटरपेक्षा कमी नको, नाव ७५ मिलिमीटरचं. तीन फूट रुंद फलकावर २५ मिलिमीटरची तीस-पस्तीस अक्षरं एका ओळीत बसतात, त्या हिशेबानं मजकूर आधीच छाटा.

दुसरी अडचण फॉन्टची. मजकूर तुम्ही युनिकोडमध्ये पाठवता, कारागीर तो जुन्या कोरल ड्रॉमध्ये चिकटवतो, आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, रफार एक घर सरकतो, 'ऑफिसर'वरचा चंद्र उडतो. शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे येतात. त्यात चूक नाही, पण मराठी गावात ते परके वाटतात, आणि मराठी वळणाचा फॉन्ट मागितला तर मिळतो. संगणकाच्या पडद्यावर तपासून होकार देऊ नका. खऱ्या आकारात कागदावर छापून घ्या, जागेवर भिंतीला लावा, एकानं मोठ्यानं वाचावं, दुसऱ्यानं मूळ कागदाशी ताडावं. दर अक्षरामागे असतो, तेव्हा 'लक्ष्मण'मधला 'क्ष्म' एक धरायचा की तीन, हे आधीच ठरवून घ्या. यावरून भांडणं होतात.

सोनेरी रंग भरून देतो म्हणाले तर नको म्हणा. दर दोन वर्षांनी तो पुन्हा भरावा लागतो, आणि दुसऱ्यांदा भरणारा कुणीतरी हौशी असतो.

खरी घसरण मात्र मजकुरात होते. पॅकेजमध्ये 'अमर रहे', 'वीर जवान' आणि चार ओळींची कविता तयार असते, त्यात फक्त नाव भरायचं. चबुतऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलाला हा माणूस हवाई दलात नेमकं काय काम करत होता, हे त्यातून कळत नाही. दगडावर एवढं तरी हवं: पूर्ण नाव, हुद्दा, सेवा क्रमांक, स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) किंवा तळ, काम, कुठल्या मोहिमेत आणि कुठे, तारीख. हुद्दा नेमका लिहा. 'कॅप्टन' हा लष्करातला हुद्दा आहे. हवाई दलात फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर असे असतात, आणि स्क्वाड्रन लीडर म्हणजे स्क्वाड्रनचा प्रमुख नव्हे. ती जबाबदारी सहसा विंग कमांडरकडे असते. अधिकाऱ्याच्या सेवा क्रमांकापुढे 'एफ(पी)' असेल तर तो उड्डाण शाखेतला वैमानिक. कॉर्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर हे हुद्दे अधिकारी नसलेल्या वायुसैनिकांचे.

हे वायुसैनिकच पॅकेजमध्ये चिरडले जातात. हवाई दल म्हटलं की वैमानिक, असं कारागिरानं धरलेलं असतं आणि छातीवर पंख कोरून तो मोकळा होतो. कारगिलमध्ये २८ मे १९९९ ला पाडल्या गेलेल्या एमआय-१७ हेलिकॉप्टरमध्ये चौघे होते आणि त्यातले दोघे सार्जंट होते. इंजिन सांभाळणारा, शस्त्रं भरणारा, तळावर बॉम्बहल्ल्यात गेलेला तंत्रज्ञ, यांच्या छातीवर वैमानिकाचे पंख लावणं म्हणजे त्यांनी केलेलं काम पुसणं. पंख खरे असतील तर ते डाव्या खिशाच्या वर, पदकांच्या फितींच्याही वर येतात.

'शहीद' शब्दावरून गावात वाद होतो. संरक्षण मंत्रालयानं २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाला सांगितलं होतं की सैन्यात ही संज्ञा नाही, नोंद 'बॅटल कॅज्युअल्टी' अशी होते. लोकांनी 'शहीद' किंवा 'हुतात्मा' लिहायला कुणाची हरकत नसते, पण खाली 'युद्धात' असं लिहिताना घरी आलेलं पत्र काढून पाहा. सरावातल्या अपघातात गेलेला माणूसही सेवेतच गेलेला असतो, त्याच्यासाठी युद्ध रचायची गरज नाही. शरीर मिळालं नसेल तर फलकावर बेपत्ता झाल्याची तारीख लिहा आणि मृत घोषित केल्याची वेगळी लिहा. 'समाधी' शब्द तिथे वापरू नका.

तपशील ताडायला तीन जागा आहेत: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, वायुसैनिकांसाठी नवी दिल्लीत सुब्रतो पार्कचं हवाई दल अभिलेख कार्यालय, आणि राष्ट्रीय समर स्मारकाची नावांची यादी. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. त्याच्या त्यागचक्रातल्या ग्रॅनाइटच्या पाट्यांवर नाव, हुद्दा आणि तुकडी कोरलेली आहे, तेच स्पेलिंग धरून देवनागरी करा. पण तिथे स्वातंत्र्यानंतरचीच नावं आहेत. दुसऱ्या महायुद्धात गेलेला, तेव्हा निजामाच्या राज्यातून भरती झालेला कुणी असेल तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची यादी पाहावी. आग्नेय आशियात गेलेल्या आणि कबर नसलेल्या वायुसैनिकांची नावं सिंगापूरच्या स्मारकावर आहेत.

विमानावर पॅकेज सगळ्यात जास्त खर्च करतं आणि सगळ्यात जास्त चुकतं. साचा एकच असतो, बहुधा सुखोईसारखा, दोन शेपट्यांचा. १९६५ मध्ये गेलेल्या माणसाच्या डोक्यावर तो फिरतो. त्या युद्धात नॅट, हंटर, मिस्टेअर, व्हॅम्पायर, कॅनबेरा होती. मिग-२१ तेव्हा मोजकीच होती, ती १९७१ ला मोठ्या संख्येनं आली, आणि सुखोई-७ नि मारुत यांची भर पडली. १९६२ मध्ये तर लढाऊ विमानं हल्ल्यासाठी वापरलीच नव्हती. डाकोटा, पॅकेट, ऑटर आणि हेलिकॉप्टरं दाणागोटा पोचवत होती, तेव्हा त्या काळातल्या माणसाच्या स्मारकावर लढाऊ जेट म्हणजे सरळ खोटं. आकाराचंही भान ठेवा: नॅट जेमतेम पावणेनऊ मीटर लांब, हंटर चौदा. १:५ चं नॅट पावणेदोन मीटरचं होतं आणि दहा फुटी चबुतऱ्यावर शोभतं. मिग-२१ चे पंख त्रिकोणी, हंटरचे मागे झुकलेले, एकाचा साचा दुसऱ्याला चालत नाही. विमानावरच्या हवाई दलाच्या वर्तुळाकार चिन्हात बाहेर केशरी, मधे पांढरा, आत हिरवा. हे उलटं रंगवलेलं असू शकतं. महायुद्धातल्या विमानाला तर तिरंगी वर्तुळ चालणारच नाही.

फायबरच्या विमानाचा खांबाशी जोड हा त्याचा कमकुवत भाग. मे-जूनच्या वावटळीत पंख वारा धरतात आणि पोटातली लोखंडी पट्टी हलत राहते. आत पूर्ण लांबीची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, चौकट हवी आणि तळाला पाणी निघायला भोक. पोकळ पोटात गांधीलमाश्या घर करतात, म्हणून भोकाला जाळी.

मिग-२१ ची सेवा २६ सप्टेंबर २०२५ ला संपली, तेव्हापासून 'खरं विमान मागू या' असं ठरावात येतं. मिळालं तरी वाहतूक, क्रेन, खांब आणि पुढची सगळी निगा मागणाऱ्यावर. ग्रामपंचायतीच्या बजेटमध्ये ते बसत नाही. त्यापेक्षा विमान टाळा आणि तो पैसा पाया नि दगडात घाला.

पुतळ्याबद्दल थोडक्यात. फायबरचं कवच ४-५ मिलिमीटरचं, वरचा रंग उन्हानं खडूसारखा भुकटतो. ब्राँझ परवडत असेल तर ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के, असं लेखी मागा आणि तुकडा तपासून घ्या. मातीचा नमुना घरच्यांनी समोरून आणि बाजूनंही पाहिल्याशिवाय साचा होऊ देऊ नका. एका पासपोर्ट फोटोवरून केलेले सगळे चेहरे एकमेकांचे भाऊ दिसतात. पुतळा म्हटला की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि कला संचालनालयाची नमुन्याला मान्यता लागते, आणि सार्वजनिक रस्त्यावर पुतळा उभारायला सर्वोच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०१३ च्या आदेशानं मनाई केली आहे. नुसता फलक असेल तर व्याप बराच कमी होतो.

झेंड्याचं प्रमाण ३:२. वीस फुटी खांबाला १३५० बाय ९०० मिलिमीटरचा पुरतो. जुलै २०२२ पासून तो रात्रीही ठेवता येतो, म्हणून लोक चढवतात आणि विसरतात. फाटका, विटका झेंडा फडकवायला ध्वजसंहितेत मनाई आहे. तो बदलणारा माणूस ठरलेला नसेल तर खांब घेऊ नका, १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर आणि २६ जानेवारीला शाळेचा खांब आहेच. सोलर दिव्यांची बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते, आणि खालून मारलेल्या उजेडात पुतळ्याचा चेहरा भुतासारखा दिसतो.

नारळ फोडायला बाजूला वेगळा दगड ठेवा, नाहीतर लोक फलकाच्याच कडेवर फोडतात. हार अडकवायला दोन स्टीलचे हूक, म्हणजे अक्षरांवर सेलोटेप लागत नाही. धुवायला साठवलेलं पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी, मऊ फडकं. ॲसिड अजिबात नको, सिमेंट जातं आणि स्टीलवर डाग पडतात. आणि 'मोफत' मिळणारी उद्घाटनाची पाटी: ती मूळ फलकापेक्षा मोठी आणि चौदा मान्यवरांच्या नावांची असते. चबुतऱ्याच्या मागच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर बसवा, रागवायचं त्यांनी रागवावं.

पैशांचं असं ठेवा: तीस टक्के पाया मुरमावर टेकल्यावर, तीस टक्के कागदावरचा मजकूर तपासून सही झाल्यावर, तीस टक्के दगड उभा राहिल्यावर. कारागीर एक वर्षाची गॅरंटी देतो, पण काळीचा दोष दुसऱ्या उन्हाळ्यात दिसतो. म्हणून उरलेले दहा टक्के दोन पावसाळे आणि त्यामागचा मे महिना गेल्यावर, चबुतऱ्यावर पाणसळ ठेवून पाहून मगच द्या. हे करारात लिहून घ्या. नाही म्हणणारा कारागीर पाया किती खोल घेणार होता, ते त्यातच कळतं.